चौथा प्लग

मितेशने चौथा प्लग पुन्हा खोलला, आणि तो पुन्हा ओलाच निघाला.

"च्यायला, प्लग नवे, वायरी नव्या, तरी ही गाडी मिसिंग मारतेच!" त्याने पाना आपटला. उद्या बायकोला आणि बाळाला हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं, आणि बोनकोड्यातल्या घरापुढे, जिथे पूर्वी खाडीचं पाणी यायचं, सकाळपासून बोनेट उघडंच होतं.

प्लगला पेट्रोलचा वास नव्हता. त्याने जिभेला लावून पाहिला. खारट लागला.

आतलं पाणी टिपायला म्हणून त्याने आईच्या जुन्या लुगड्याची लांब चिंधी प्लगच्या भोकात सोडली. चिंधी वीतभर गेली, हातभर गेली, तरी तळ लागेना. मग ती खालून कुणीतरी हळूच ओढली.

त्याने हिसडा देऊन ती वर काढली. टोकाला एक गाठ होती. घट्ट, बारीक, जाळं विणताना मारतात तशी.

त्याची आई शेवंताबाई ओट्यावरून उठून आली. तिने गाठ बोटांनी चाचपली. घरातले जाळी विणणारे सगळे गेले होते; अशी गाठ आता फक्त तिलाच येत होती.

"बोनेट लाव, मितेश," ती हळूच म्हणाली. "अजून खारीची भरती वर चरायची हाय. बालाला रिक्षान आन."