चाकूचं लोखंड

"चुंबक चिकटला ना? म्हणजे लोखंडच!" एक गिऱ्हाईक अख्ख्या आठवडी बाजारासमोर ओरडलं. "अस्सल स्टीलला कधी चुंबक चिकटतो का गं, पोरी?"

लोहाराच्या कस्तुराचं डोकंच फिरलं. खिशात मावणारा तो घडीचा चाकू तिनं स्वतःच्या हातानं घडवलेला पहिलाच, तोही जुनी कानस तापवून! "काका, ते तुमच्या ताटवाटीचं स्टील! धार धरणाऱ्या स्टीलला चिकटतोच चुंबक!"

शेजारी बसलेले आबा पुटपुटले, "जाऊ दे गं. साहेब म्हणतात तर असेल लोखंड." बापच असं म्हणतोय म्हटल्यावर ती आणखीच पेटली.

तिनं धारेचं चाक गरगर फिरवलं आणि आधी त्यावर लोखंडी खिळा टेकवला, तर दोनचार सरळ ठिणग्या उडाल्या. मग काळजावर दगड ठेवून आपला चकचकीत चाकू टेकवला, आणि तडतड फुलबाज्याच फुटल्या! "लोखंड असं फुलतं का, काका?"

"बरं बाई, स्टील आहे," गिऱ्हाईक हसलं. "पण याला आता ओरखडा पडला. दुसरा दे."

समोर फडक्यावर आबांनी घडवलेले आठ चाकू मांडलेले होते. आबा ताडकन उठले. "दुसरा मिळणार नाही," ते म्हणाले. "व्हा पुढं!"