चिडलेल्याने खाली उतरायचं

"गाडी विकलीस, आणि मला विचारलंही नाहीस?" हातातला पडदा खाली टाकत मी नवऱ्याला म्हणाले.

"आता घर आहे ना आपलं," तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. नऊ वर्षं त्या गाडीतच आमचा संसार होता, शेगडीपासून भांडणांपर्यंत. नियम एकच. चिडलेल्याने खाली उतरायचं, आणि तो परत चढेपर्यंत दुसऱ्याने किल्ली फिरवायची नाही. आंबोली घाटात हा माझ्यासाठी अख्खी दुपार स्टिअरिंगपाशी बसून होता.

आत टीव्ही सुरू झाला. मग ताट वाढून घेतल्याचा आवाज आला. याचं माझ्यावाचून काहीच अडलं नव्हतं.

मी उठले, दाराला बाहेरून कडी घातली आणि पुन्हा पायरीवर बसले. थांब म्हणावं आता.