मधली फळी

चार गोठ्यांतली वीस वासरं एकाच ट्रकमधून आली, तेव्हाच गुरांची डॉक्टर असलेल्या मुलीने बजावलं होतं, “बाबा, दोन आठवडे नाकाला नाक लागू द्यायचं नाही.” म्हणून बाबांनी दर दोन वासरांमध्ये फळी ठोकली. आज सहाव्या दिवशी एक कालवड खोकत होती, शेजारची तापाने फणफणली होती आणि मधली फळी भिंतीला टेकवलेली होती. “ही कुणी काढली?” “मीच. एकटीच हंबरायची गं, बघवेना.” “बाबा, विषाणूला माया कळत नाही!” बाबा फळीकडे बघत पुटपुटले, “तुला कांजिण्या आल्या तेव्हाही डॉक्टर वेगळं ठेवा म्हणाले होते.” “आणि मग तुम्हालाही आल्या,” ती म्हणाली. तिने दोघींना इंजेक्शनं टोचली, टोकाच्या खोलीत नेऊन शेजारीशेजारी बांधलं. “बाबा, आता या बऱ्या होईपर्यंत तुम्ही बाकीच्यांकडे फिरकायचं नाही.” मग गोठ्यातलं बाबांचं स्टूल आणून तिने दोघींच्या मध्ये ठेवलं.