करमत नसेल ना?

मुलुंडच्या वन बीएचकेत सहा माणसांचा कल्ला, म्हणून मिहिर आणि गंधाली दोन्ही मुलांना घेऊन चार दिवस शांततेसाठी माथेरानच्या हेरिटेज हॉटेलात आले. गर्द झाडी, लांबलचक व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, सगळं झकास होतं. पण दुसऱ्याच सकाळी गंधालीला चहा गोड लागेना.

"आई-बाबा एकटेच आहेत रे. रिकामं घर खायला उठत असेल त्यांना."

मिहिरलाही पटलं. त्याने लगेच घरी फोन लावला. "आई, आम्ही आजच परत येतोय. तुम्हाला करमत नसेल ना?"

आईच्या मागून बाबांची घाईघाईची कुजबुज स्पष्ट ऐकू आली,



"अगं, सांग त्याला, घाटात दरड कोसळलीय म्हणून!"