सगळं ह्यात आहे

"साहेब उठले का?" सासऱ्यांनी विचारलं.

"उठताहेत, बाबा."

कडेवर लेक. एका हातानं तिनं पेनड्राइव्ह खोचला, कॉम्प्युटर चालू केला आणि पडदा उजळायच्या आत वरच्या रांगेतलं ठरलेलं बटण भराभर दाबत राहिली. जरा उशीर झाला की तो आतल्या डिस्कवरून सुरू व्हायचा, आणि तिथे नवऱ्याचं ऑफिसचं काम होतं. मागे एकदा बाबांनी त्यातल्या 'जुन्या फायली निकालात काढल्या' होत्या. तेव्हापासून नवऱ्यानं ही सोय केली. पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, बाबांना हवं ते टाइप करू द्यायचं. बंद केलं की पाटी कोरी. काही बिघडत नाही, काही उरत नाही.

काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी धावल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून ताठ बसले होते.

"आमचे साहेब असेच. आल्यावर अर्धा तास नुसते डोळे चोळायचे."

हे ती रोज ऐकायची आणि रोज हसायची.

बाबांचा उभा जन्म टाइपरायटरपुढे गेलेला. जेवलो की नाही ते विसरले, सुनेचं नाव विसरले, बोटं मात्र काही विसरली नव्हती. रोज तेच. 'महोदय, आपल्याकडील संदर्भास अनुसरून...' ज्यांना लिहायचे ते साहेब केव्हाच गेलेले. मध्येच थांबून तिला विचारायचे, "तुम्ही इथे नवीन लागलात का?" ती म्हणायची, "हो, नवीनच."

आज टकटक सुरू झाली ती थांबेचना. लेकीच्या तोंडातून कागदाचा बोळा काढता काढता तिनं मान वर केली. पडद्यावर महोदय नव्हते. 'बाळा, डोकं ठिकाणावर आहे तोवर तुझ्याकडे एक मागणं मागतो.'

बाबांनी पुढच्या ओळींवर तळहात धरला. "तुझ्यासाठी नाही, सूनबाई. त्याच्यासाठी आहे."

सूनबाई. ती तशीच उभी राहिली.

"आज सगळं लख्ख दिसतंय बघ," ते म्हणाले. "उद्याचा भरवसा नाही. हे त्याच्या हातात पडायला हवं. जपून ठेवशील ना?"

"ठेवते. तुम्ही लिहा."

इथे काही राहत नाही, हे सांगायचं कसं? मग ते म्हणाले असते, केव्हापासून? आणि आजच नेमके ते समजण्याच्या शुद्धीत होते. तिनं मनाशी हिशेब केला. फोननं पडद्याचे फोटो काढायचे, न वाचता. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

"मी आलेच, बाबा. कशाला हात लावू नका हं."

"मी काय लहान आहे?" बोटं चालूच होती.

आत तिनं फोनला हात घातला आणि लेक तिच्या खांद्यावर भडाभडा ओकली. पोर घाबरलं, रडायला लागलं. ते पुसलं, तिचे कपडे बदलले, कपाळाला हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला. मग तिच्या लक्षात आलं की बाहेरची टकटक थांबली आहे.

बाबा दारात उभे होते. त्यांच्या मागे पडदा काळा होता.

"मजकूर पूर्ण झाला," ते म्हणाले. "बंद केलं. वर सूचना आली, काढून घ्या म्हणून. मी काढला." त्यांनी चार घड्या घातलेला रुमाल पुढे केला. "घे. सगळं ह्यात आहे. रोज तू किती जपून ठेवतेस, बघतो ना मी."

रुमालात पेनड्राइव्ह होता. लेक तोंडात घालेल म्हणून ती तो रोज कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायची. आजही तिनं तिथेच ठेवला. बाबा बघत होते.

संध्याकाळी नवरा आल्या आल्या तिनं सगळं सांगितलं. त्यानं बूटही काढले नाहीत. रुमाल उलगडला, पेनड्राइव्ह खोचला, कॉम्प्युटर सुरू केला. काळा पडदा, पांढऱ्या ओळी, मग ते नेहमीचं निळं, रिकामं पान.

"काहीच निघणार नाही?" तिनं विचारलं.

"त्यात काही जातच नाही गं. मीच तसं केलंय."

"मग त्यांनाच विचार ना, काय लिहिलं होतं ते."

तो काही बोलायच्या आत बाबा आले. अजून तोच शर्ट, तीच लावलेली बटणं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या रुमालाकडे.

"वाचलंस?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"वाचलं, बाबा."

"सगळं?"

"सगळं."

"मग? करशील तसं?"

आत पंख्याचा आवाज येत होता. लेकीनं हात लांबवून रुमालाचं टोक ओढलं.

"तुम्ही म्हणता तसंच करीन."

बाबा खुर्चीवर टेकले. सकाळपासून लावलेली मनगटाची बटणं त्यांनी एकेक करून सोडली.

"सुटलो," ते म्हणाले. "आता मी विसरलो तरी चालेल. तुला ठाऊक आहे."