आराम पडलेला रुग्ण

“तोंड पूस गं माझं, डॉक्टर यायची वेळ झाली,” दवाखान्याच्या खाटेवरून बाप लहानग्या लेकीला म्हणायचा.

ती लेक आता मेडिकल कॉलेजात प्रोफेसर होती. बापाच्याच दुखण्यावरचे जगभरातले शोधनिबंध एआयनं चहा निवायच्या आत चाळून दिले.

“मॅडम, हा जुना निबंध त्यानं निवडलाय. इचलकरंजीचा विणकर, एकच रुग्ण, पण या औषधानं आराम पडला. आपल्या उपचारांच्या शिफारशीत घेऊ या?” विद्यार्थिनीनं विचारलं.

“नको. वगळ.”

“कारण लिहिल्याशिवाय वगळता येत नाही, मॅडम.”

मॅडमनी स्क्रीनवरच्या ‘आराम’ शब्दावर बोट ठेवलं.

“लिही, तो विणकर माझे वडील. डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणून आराम पडला म्हणायचे. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले, की माझ्या फ्रॉकचं टोक दातांत धरायचे.”