शांत घराचा दिवा

भिंतीतला दिवा हिरवा, म्हणजे घरात कोणी घाबरलेलं नाही. घरोघरी हे दिवे बसल्यापासून नगरपालिका निर्धास्त होती. भीतीनं कोणाची छाती धडधडू लागली की दिवा लाल होई आणि चौकीतली माणसं धावत येत. कोंडाळकरांकडे तो कधीच लाल झाला नव्हता. “आमची सून आहेच मुळी शांत,” सासूबाई कौतुकानं सांगत.

ईशानीचा नवरा हेरंब खोलीची कडी लावून कमरेचा पट्टा काढी, तेव्हा तिचे हातपाय गार पडत, नाडी मंदावे, नजर भिंतीवर खिळे. दिव्याला ते शांतच वाटे. आणि चौकी दिव्याशिवाय कोणाचं ऐकत नसे.

“ही शांतता नव्हे,” दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “सुटका दिसेना की शरीर मेल्याचं सोंग घेतं, तुला वाचवायलाच. त्याला हळूहळू जागं कर. टाचा जमिनीत रोव, श्वास लांब सोड. थरथर आली तर अडवू नकोस.”

आज पुन्हा कडी लागली. हात गार पडू लागले. ईशानीनं टाचा फरशीत रोवल्या, श्वास सोडला, पुन्हा सोडला. गुडघे लटलटू लागले. तिनं ते लटलटू दिले. मग छातीत आधी हळू, नंतर दणादणा ठोके पडू लागले.

खोली लाल झाली. हेरंबच्या हातातला पट्टा गळून पडला.

“अगं, शांत हो!” तो गयावया करू लागला. “शांत हो ना!”

जिन्यात पावलं वाजू लागली. ईशानी लग्नानंतर पहिल्यांदाच मनसोक्त घाबरली होती.